प्रयागबाईंचा शिट्ट्यांचा नकाशा

नागपूरच्या हुडकेश्वर भागातल्या आमच्या चक्रधर लेआउटात, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, प्रयागबाई ठवकरांना ओळखत नाही असं एकही स्वयंपाकघर नाही. अकरा वर्षं त्या पाणीपुरवठा विभागासाठी घरोघरी पाण्याचे नमुने घेत फिरतात. मोपेडवर पायांपुढे बाटल्यांचा लाकडी खोका, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत एक काचेची नळी, थेंबांची कुपी आणि जाड रजिस्टर. नळ उघडायचा, थोडं पाणी वाहू द्यायचं, नळी रेघेपर्यंत भरायची, थेंब टाकायचे आणि नळी उजेडाकडे धरायची. पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे, पाणी ठीक. पांढरंच राहिलं तर प्रयागबाई त्या घरचा चहासुद्धा घेत नाहीत आणि थेट टाकीवर फोन लावतात.

त्या मूळच्या भिवापूरकडच्या. माहेरी मिरचीची शेती, ती अजून भाऊ करतो. सातवीत शाळा सुटली आणि पुढे लग्न होऊन त्या नागपुरात आल्या. नवरा रुपराव, नळजोडणीतला जुना माणूस. तीस वर्षांत त्यांनी या भागातल्या किती घरांच्या भिंतींत पाइप घातले याची मोजदाद नाही. घरात मुलगी पिंकी होती, तिचं दोन वर्षांपूर्वी लग्न झालं. आता नवराबायको दोघंच. एक पाणी आणून देतो आणि दुसरी ते तपासते, असं प्रयागबाई स्वतःच हसत सांगत.

दीड वर्षापूर्वी लेआउटात करड्या रंगाचे नऊ डबे आले. एका इंजिनिअरिंग कॉलेजचा तो प्रकल्प होता. डबे पाण्याच्या लाइनवर ठिकठिकाणी चेंबरमध्ये बसवले, प्रत्येकाच्या डोक्यावर पोळपाटाएवढं सोलर पॅनल. पाण्यातलं क्लोरीन, गढूळपणा आणि क्षार दर दहा मिनिटांनी मोजायचे, हे त्यांचं काम. ते बसवायला आलेली मुग्धा बक्षी रामदासपेठेत वाढलेली, तिशीची, भरभर बोलणारी पोरगी. प्रयागबाईंनी दोन दिवस लांबून सगळं बघितलं आणि तिसऱ्या दिवशी तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, एक विचारू? मी कोन्या महिन्यापासून येऊ नोको?"

मुग्धाला प्रश्नच कळला नाही.

"हे डबे दर धा मिनिटाले पानी तपासनार. मी दिवसातून एकदा तपासतो. मंग माह्यं काय काम उरलं?"

मुग्धा हातातला स्क्रूड्रायव्हर ठेवून चेंबरच्या कडेलाच बसली. तिने सेन्सर बाहेर काढला, पेनाएवढी दांडी आणि टोकाला काचेचा मणी. "हे बघा मावशी. याच्यावर आठवड्याभरात बुळबुळीत थर बसतो. थर बसला की हा काहीही आकडे सांगायला लागतो. त्याला कोणीतरी हलक्या हाताने घासायला पाहिजे आणि तुमच्या थेंबांशी ताडून बघायला पाहिजे. तेवढा हलका हात आमच्या कॉलेजात कोणाचा नाही, मी दोन मणी आधीच फोडलेत."

"म्हंजे लेकराचे दात घासून देल्यासारखं."

"अगदी तसंच."

"बाप्पा! मंग येतो मी," प्रयागबाई म्हणाल्या आणि तिथेच बसून त्यांनी पहिला सेन्सर घासला.

त्या आठवड्यात त्यांनी सगळंच शिकून घेतलं. डब्याची माहिती कशी जाते हे मुग्धाने समजावलं. एक डबा शेजारच्या डब्याला सांगतो, तो पुढच्याला, आणि शेवटी टाकीवरचा मोठा डबा सगळं गोळा करून मोबाइलवर पाठवतो. "हे तं नळावरच्या बायायसारखं झालं," प्रयागबाई म्हणाल्या, "फक्त हे जसं हाय तसंच सांगतेत, मीठमिरची लावत नाईत." पिंकीने घेऊन दिलेल्या मोबाइलवर आता नऊ रेघा दिसायला लागल्या. पिठाच्या गिरणीजवळचा चार नंबर रात्रंदिवस थरथरायचा, म्हणून त्याच्याखाली त्यांनी जुन्या सतरंजीची घडी घातली. ती युक्ती मुग्धाने फोटो काढून आपल्या सरांना पाठवली.

रुपरावांना मात्र हा प्रकार पसंत नव्हता. "पानी पाइपातून येते, मोबाइलातून नाई," असं ते दर संध्याकाळी म्हणत.

पावसाळा सरला आणि सहा नंबरच्या डब्याने घोळ घालायला सुरुवात केली. सकाळी सहाला नळ येतात. काही दिवशी साडेसहाला सहा नंबरवर क्षाराची रेघ एकदम वर चढायची आणि क्लोरीनची खाली पडायची. सव्वासातला दोन्ही पुन्हा जागेवर. त्याच्या पुढचा सात नंबर थोड्या उशिराने तेच करायचा. अलीकडचा पाच नंबर मात्र शांत. मुग्धाला वाटलं सेन्सर बिघडला. तिने नवा बसवला, त्यानेही तेच सांगितलं.

लेआउटच्या समितीचे सचिव कृष्णकांत हरदास यांना हे समजलं. हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे, मनाने चांगले, पण तोंडाने फटकळ. समितीच्या बैठकीत ते उभे राहून म्हणाले, "खोटे आकडे दाखवणारी यंत्रं आमच्या दारात कशाला? लोक घाबरतात. पुढच्या महिन्यात हे डबे काढून न्या." बरेच जण माना डोलवत होते, मीही त्यातलाच. प्रयागबाई मागे उभ्या होत्या. बैठकीत त्या पूर्वी कधी बोलल्या नव्हत्या.

"साहेब, डबा खोटा नाई बोलून राहिला," त्या म्हणाल्या. "माह्ये थेंब धा वाजताचे असतेत. मी उद्या साडेसहाले येतो. मंग ठरवू."

दुसरा दिवस बुधवार होता. साडेसहाला त्या सहा नंबरच्या पलीकडच्या गल्लीत पोचल्या. प्लॉट बावन्नमधल्या भावनाच्या घरी नळी भरली, थेंब टाकले. पाणी जेमतेम लिंबाच्या रसाइतकं पिवळं झालं. सात वाजता पुन्हा बघितलं तर तेवढंही नाही. भावना चहा टाकता टाकता म्हणाली, "मावशी, या पान्यानं वरणच शिजत नाई बघा. सहा सहा शिट्ट्या करून राहिली मी. अन् मंगळवारी तीन शिट्ट्यात लोण्यावानी होते. माही सासू म्हनते, तुह्या हातालेच वार लागते."

प्रयागबाई नळी धुता धुता थांबल्या. नळाला येणाऱ्या पेंच धरणाच्या पाण्यात तूरडाळ तीन शिट्ट्यांत गळते. बोअरच्या खाऱ्या पाण्यात ती हट्टाला पेटते, हे त्यांना गावापासून ठाऊक होतं. म्हणजे नळाच्या लाइनमध्ये कुठून तरी बोअरचं पाणी शिरत होतं, आणि तेही वार बघून.

त्यांनी मुग्धाला फोन केला. मुग्धाने महिन्याभराचे आकडे पुन्हा पाहिले. "मावशी, तुम्ही म्हणता ते खरंय. सोमवार, बुधवार, शुक्रवार. साडेसहा ते सव्वासात. फुटलेला पाइप असा घड्याळ बघून गळत नाही. पण पाच आणि सहाच्या मध्ये तीस घरं आहेत. नक्की कुठून शिरतंय हे डबा नाही सांगणार."

"डबा नाई सांगनार, पन कुकर सांगन," प्रयागबाई म्हणाल्या.

पुढचे तीन दिवस त्या घरोघरी एकच प्रश्न विचारत होत्या, बुधवारच्या पाण्याने डाळीला किती शिट्ट्या? बायका आधी हसल्या आणि मग बोटं मोजून सांगायला लागल्या. मुग्धाने दिलेल्या छापील नकाशावर प्रत्येक प्लॉटवर प्रयागबाई निळ्या पेनाने आकडा लिहायच्या. प्लॉट एकतीस, तीन. चौतीस, तीन. एका घरी मुलगा म्हणाला आम्ही बाहेरून जेवणाचा डबा मागवतो, तिथे फुली. सेहेचाळीसपर्यंत सगळीकडे तीनच. अठ्ठेचाळीसला सहा, एकोणपन्नासला सहा, पन्नासला पाच पण तिथल्या चारुलताबाई डाळ रात्रभर भिजवतात. शनिवारी दुपारी मुग्धा आली, तिने नकाशा मोपेडच्या सीटवर पसरला आणि आकडे एकेक करून वाचत गेली.

"मावशी, हे मी कॉलेजात लावणार आहे," ती म्हणाली.

"लावा मंग. पन आधी हे पाहा." प्रयागबाईंनी सेहेचाळीस आणि अठ्ठेचाळीसच्या मध्ये बोट ठेवलं. सत्तेचाळीसवर त्यांनी आकडाच लिहिला नव्हता. तिथे लतिकाबाईंनी, आमच्याकडे फिल्टरच्या पाण्यात डाळ शिजते, असं सांगितलं होतं. लतिकाबाई म्हणजे कृष्णकांत हरदासांच्या पत्नी.

सोमवारी साडेसहाला दोघी सत्तेचाळीसच्या फाटकाशी उभ्या होत्या. आत हरदास मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बोअरची मोटर सुरू करत होते. अंगणात त्यांचे साठ-सत्तर गुलाब आहेत. पावसाळा सरला की आठवड्यातून तीन दिवस, ठरल्या वेळी, पाऊण तास त्यांना पाणी द्यायचं हा त्यांचा नेम. मुग्धाने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. दहा मिनिटांनी सहा नंबरची रेघ चढू लागली. त्यांनी मोटर बंद केली. पुढच्या दोन आकड्यांत रेघ खाली आली. हरदासांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"परत लावून बघू?" ते हळू आवाजात म्हणाले.

पुन्हा लावली, रेघ पुन्हा चढली. गुलाबांच्या कुंड्या बाजूला सारल्या तेव्हा भिंतीलगत जोड सापडला. बोअरचा पाइप आणि नळाचा पाइप एकमेकांना जोडलेले, मध्ये एक पितळी कॉक, तोही अर्धवट उघडा. पाणी मागे जाऊ नये म्हणून लावतात तो व्हॉल्व्ह नव्हताच. मोटर सुरू झाली की बोअरचं जोरकस पाणी उलटं रस्त्यावरच्या लाइनमध्ये घुसत होतं.

"हे कोणी केलं?" मुग्धाने विचारलं.

"आठ-नऊ वर्षं झाली. कोणीतरी प्लंबर होता, नाव आता आठवत नाही," हरदास म्हणाले.

प्रयागबाई वाकून जोडाकडे बघत होत्या. गळू नये म्हणून लावलेल्या तागावर तांब्याची तार गुंडाळलेली होती, दोन पीळ, आणि तारेचं टोक आत वळवून दाबलेलं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी घरच्या नळाची तार त्यांच्या तळहातात खोल घुसली होती. त्या दिवसापासून रुपराव प्रत्येक जोडाची तार अशी आत वळवत आले होते. दुसरा कोणी इतका त्रास घेत नसे.

"मले वाटते मी शोधतो त्या मानसाले," त्या म्हणाल्या आणि मोपेड काढून निघाल्या. हे सगळं पुढे त्यांनीच मला सांगितलं. मुग्धाला तिथेच नवऱ्याचं नाव का सांगितलं नाही याचा राग घरी जाईपर्यंत स्वतःवरच येत होता, असं त्या म्हणाल्या.

वाटेत त्या अठ्ठेचाळीसमध्ये थांबल्या. सकाळचं भरून ठेवलेलं पाणी त्यांनी कॅनमध्ये मागून घेतलं. दुपारी रुपराव जेवायला बसले. पहिल्याच घासाला त्यांनी ताटाकडे बघितलं.

"काहून वं पिंकीच्या माय, आज वरन कच्चं काहून?"

"तीन शिट्ट्या देल्या, रोजच्यासारख्या."

"मंग?"

"डाळ माह्या हातची हाय. पानी तुमच्या हातचं हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ऐकून रुपरावांनी ताट बाजूला सरकवलं. "तवा नळ एक दिवसाआड अर्धा तास येत जाय. लोक म्हनत, दोन्ही पानी एकाच पाइपात घ्या, भिंत फोडू नोका. मी कॉक बसवून देत जाओ. सांगत जाओ का हा बंद ठेवा म्हनून. कोन ध्यानात ठेवते?" त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "त्या गल्लीतल्या पोरायची पोटं बिघडली होती ना वं, पावसाळा सरल्यावर? एकाले धंतोलीच्या दवाखान्यात भरती केलं होतं."

"हाव."

"ते याच्यानंच का?"

"मले नाई मालूम. मॅडमनं बोअरचं पानी तपासाले नेलं हाय."

रुपराव उठले, हात धुतले आणि खुंटीवरची टोपी घातली. "चाल."

"कोठी?"

"तुह्या मॅडमकडे. मी नाव लपवून काय करू? जोड तं बोलूनच राहिला."

मुग्धा पाच नंबरच्या चेंबरपाशी होती. रुपराव तिच्यासमोर उभे राहिले आणि एका दमात म्हणाले, "मॅडम, तो जोड माह्या हाताचा हाय. अन् तो एकटा नाई. अजून बी हायेत, तिथले कॉक आज बंद असतीन, उद्या कोनी उघडन."

मुग्धा चिडेल असं प्रयागबाईंना वाटलं होतं. तिने पिशवीतून कोरा नकाशा काढला. "किती आहेत, आठवतं काका?"

रुपरावांनी डोळे मिटले. लोकांची नावं त्यांना आठवत नव्हती, भिंती आठवत होत्या. "हिरव्या फाटकाचं घर, संडासाच्या मागं. कोपऱ्यावरचं, जिथं जिन्याखाली टाकी हाय. दोन भावांचं घर, तिथं तं दोन जोड." ते सांगत गेले आणि प्रयागबाई प्लॉट नंबर लिहीत गेल्या. चौदा घरं निघाली.

चार दिवसांनी बोअरच्या पाण्याचा अहवाल आला. क्षार भरपूर, आणि पिण्याला अपायकारक जंतूही. पोरांची पोटं त्यानेच बिघडली का, असं रुपरावांनी मुग्धाला सरळ विचारलं. तिनेही सरळ सांगितलं, "असू शकतं काका. नक्की सांगता येणार नाही. पण आता ते थांबवता येईल हे नक्की." रुपराव त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारांची पेटी घेऊन ते पहिल्या घराच्या दारात होते.

त्या आठवड्यात बैठक झाली. हरदास उभे राहिले. खिशातून कागद काढला आणि परत ठेवला. "मागच्या वेळी मी डब्यांना खोटं म्हणालो. खोट माझ्या अंगणात निघाली. डबे राहतील, आणि ज्यांच्याकडे असा जोड असेल त्यांनी ठवकरांना घरात येऊ द्यावं. सुरुवात माझ्या घरापासून झालेली आहे." खाली बसताना ते पुटपुटले, "गुलाबांना वेगळा पाइप टाकलाय." लोक हसले, लतिकाबाई सगळ्यांत जास्त हसल्या.

चौदा घरांना बारा दिवस लागले. काही ठिकाणी लोक कुरकुरले. एका गृहस्थांनी फाटकच उघडलं नाही. प्रयागबाई त्यांच्या पत्नीशी कुंपणावरून दहा मिनिटं डाळीबद्दल बोलल्या आणि फाटक आतून उघडलं. रुपराव दोन्ही पाइप तोडून वेगळे करायचे, टोकं बंद करायचे, वर कोणता पाइप कुठल्या पाण्याचा हे रंगाने लिहायचे, निळा नळाचा आणि लाल बोअरचा. शेवटच्या घरी सकाळी सव्वासहाला काम संपलं तेव्हा त्यांनी स्वतःच बायकोचा मोबाइल मागितला. साडेसहा झाले. पावणेसात झाले. नऊच्या नऊ रेघा सरळ चालल्या होत्या.

"हालून नाई राहिली," ते म्हणाले.

"नाईच हालनार."

"बंद तं नाई पडला ना डबा?"

प्रयागबाईंनी नळी भरली, थेंब टाकले आणि त्यांच्या हातात दिली. पाणी हळदीसारखं पिवळं झालं होतं. रुपरावांनी नळी उजेडाकडे धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

हे झालं मागच्या हिवाळ्यात. नंतर प्रकल्प आणखी चार लेआउटात गेला. तिथल्या सेन्सरांची निगा राखायला सहा बायका नेमल्या आणि त्यांना शिकवायला मुग्धाने प्रयागबाईंना कॉलेजात बोलावलं. समोर त्या सहा जणी होत्याच, शिवाय तीसेक विद्यार्थी आणि चार-पाच प्राध्यापक. मागच्या भिंतीवर शिट्ट्यांचा नकाशा काचेत लावलेला. प्रयागबाई ठेवणीतल्या जांभळ्या लुगड्यात उभ्या राहिल्या आणि त्यांना एक शब्द फुटेना. मग त्या मुग्धाकडे वळल्या.

"मॅडम, एक बालटी पानी भेटन का?"

बादली आली. त्या खाली मांडी घालून बसल्या, सेन्सर हातात घेतला आणि मऊ ब्रश पाण्यात बुडवला. हाताला काम लागलं तसं तोंड सुटलं. दीड तास कोणी उठलं नाही. अपूर्व नावाच्या एका विद्यार्थ्याने विचारलं, "मावशी, दोन डब्यांचं म्हणणं जुळलं नाही तर विश्वास कोणावर ठेवायचा?"

"दोघायवर नाई. घरात जायचं, नळ उघडायचा अन् घरच्या बाईले विचारायचं," प्रयागबाई म्हणाल्या. "पन विचारल्यावर आयकायचं बी."

एका प्राध्यापकांनी ते वहीत लिहून घेतलं.

बाहेर झाडाखाली रुपराव मोपेड धरून उभे होते. आत यायला त्यांना संकोच वाटला होता, पण खिडकीतून त्यांनी सगळं बघितलं होतं.

"काहून वं, घाबरली होती सुरुवातीले?"

"हाव. काय बोलाचं तेच इसरून गेली होती."

"दिसलं मले." त्यांनी मोपेड सुरू केली. "भूक लागली का?"

"लय."

चौकातल्या ठेल्यावर त्यांनी दोन प्लेट तर्री पोहे सांगितले. रुपरावांनी सवयीने ठेल्याच्या पिंपाचा नळ निरखला, वॉशर गळत होता. प्रयागबाईंनी पिशवीतून नळी काढली आणि ठेलेवाल्याला म्हणाल्या, "भाऊ, थोडं पानी दे गा. प्यासाठी नाई, पाह्यसाठी."